आत्याच्या घरचा परदेश

१४ सप्टेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी मुलगी परदेशी सुखरूप पोचली. म्हणजे माझ्या घरी. दोन अजस्र बॅगा, गळ्यात प्रवासाची उशी, अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी कोट. आणि बाहेर माणसं पंख्याखाली बसून घाम पुसताहेत. रिक्षावाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पेशंट कुठे दाखवायचाय.

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं की विमान चुकलं का. ती म्हणाली की विमान नव्हतंच. मग बॅगेवर बसून जी रडायला लागली ती बॅगेचं चाक मोडेपर्यंत. तिने सांगितलेलं मला निम्मंच कळलं, आणि कळलं ते खरं नसावं असं वाटतंय. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवून निरोप दिला म्हणे, तुम्ही तिघं टॅक्सीत बसलात, आणि टॅक्सी विमानतळाऐवजी बसस्थानकावर गेली. असं कोण करतं रे? तू पन्नाशीचा, स्वतःचं छपाईचं दुकान असलेला, चारचौघांत उठबस असलेला माणूस!

फोन करू नकोस. तुझा फोन मशीनच्या घरघरीमुळे कायम स्पीकरवर असतो आणि माझा गिऱ्हाइकांसमोर वाजतो. शिवाय फोनवर तू विषय बदलतोस. कागदावर बदललास तर मला दिसेल. सगळं लिही.

मिठू माझ्याकडे हवी तितकी राहू दे. चष्म्याच्या दुकानात मला माणूस हवंच होतं. पण ती लपून राहणार असेल तर कोणापासून आणि कुठवर, हे मला कळलं पाहिजे.

तुझ्या बायकोला मनापासून आशीर्वाद. तुझे मात्र उत्तर येईपर्यंत राखून ठेवलेत. वर लिहिले ते सवयीने.

तुझी
अक्का


२१ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

असं कोण करतं, असं विचारलंस. मी करतो.

मिठूला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला हे तुला माहीत आहे. कृत्रिम हात-पाय बनवायचं शिक्षण. त्यानंतर बँकेचं पत्र आलं की कर्ज तत्त्वतः मंजूर आहे. तत्त्वतः हा शब्द मी आयुष्यभर लोकांच्या जाहीर पत्रकांत छापत आलो, पण त्याचा अर्थ काढायची वेळ कधी आली नव्हती. त्याच संध्याकाळी मशीनवर फ्लेक्स चढवला. मिठूचा फोटो, मागे विमान, विमानामागे ढग आणि खाली ठळक अक्षरांत प्रयाणाची तारीख. गल्लीच्या तोंडाशी या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून लावला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची कौतुकं छापली, यंदा घरचं कार्य. कापड फुकट, शाई फुकट, आणि अक्कल तर कधीच विकत घेतली नव्हती.

मग बँकेने तारण विचारलं. घर भाड्याचं. मशीन दाखवलं, तर ते घ्यायला काढलेलं कर्ज अजून त्याच्याच उरावर बसलेलं. साहेब म्हणाले, मग जामीनदार आणा. तोवर प्रयाणाचा आठवडा उजाडला होता. कर्ज नाही म्हणून खात्यात पैसे दिसेनात, पैसे दिसेनात म्हणून व्हिसा मिळेना. फलक उतरवायला शिडी घेऊन गेलो, तर खाली आमच्या समोरचे औषधवाले उभे. त्यांनी शिडी धरली. त्यांना वाटलं, कोपरा सैल झालाय म्हणून मी ताणून बांधायला आलोय. बँकेत सहीबिही लागत असेल तर संकोच करू नका, असं ते आपणहून म्हणाले. आणि मी शिडीवरून त्यांना सांगितलं की सगळं झालंय. अक्का, ते इतकं सहज तोंडातून गेलं की क्षणभर मलाही हायसं वाटलं. मग कोपरा ताणून बांधला आणि उतरलो.

निरोपाच्या दिवशी त्यांनी दुखऱ्या कमरेनिशी मोठी बॅग टॅक्सीपर्यंत नेली. त्यांच्या बायकोने मिठूला पोटाशी धरलं. मिठूने काचेतून हात हलवला. वळण मागे पडल्यावर मी टॅक्सीवाल्याला बसस्थानक सांगितलं. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, का ते विचारू नकोस.

सौ. माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि आमच्यात कामं फारशी उरलेली नाहीत. भाजी ती हल्ली लांबच्या बाजारातून आणते. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिच्यात एक दोष आहे.

थोडी कळ काढ. मार्ग काढतो.

कळावे. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा
गुंड्या


९ ऑक्टोबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

आधी तुझ्या लेकीची खबर. तिने माझ्या दुकानातला जुन्या फ्रेमांचा ढीग उपसून निम्म्या दुरुस्त केल्या. तुटलेल्या काड्या अशा जोडते की गिऱ्हाईक जोड शोधत बसतं. परवा एका म्हाताऱ्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली निघाला; बिचाऱ्याने जन्मभर तिरका चष्मा घातलेला. हिने काडी वाकवून सरळ बसवला. तो आरशात बघून म्हणाला की आता तोंडच वाकडं दिसतंय, पूर्वीसारखा करून द्या. पोरगी तेव्हा हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

आता कामाचं. तिने विद्यापीठाला खरं काय ते लिहिलं. तुझ्या घरात हे कोणालातरी जमतं हे पाहून बरं वाटलं. त्यांनी उत्तर दिलंय की जागा जानेवारीच्या सत्रापर्यंत राखून ठेवतो, पण नोव्हेंबरअखेर कर्जाचं पक्कं मंजुरीपत्र हवं. नाही आलं तर जागा दुसऱ्याला. पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा, आणि मग तिच्याने होणार नाही, मी सांगते. ती आता रडत नाही, ते मला जास्त वाईट लक्षण वाटतं.

मी बँकेत फोन केला होता. मीच जामीन राहिले असते, पण माझं दुकानही भाड्याचं. साहेबांना स्वतःच्या मालकीची जागा असलेला माणूस हवा. तसा माणूस तुझ्या दारासमोर बसतो, त्याने आपणहून विचारलंय, आणि मधे एक रस्ता आहे. ओलांड.

तुझ्या बायकोला म्हणावं, तो दोष जप.

अक्का


१८ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रस्ता रोज ओलांडतो. पलीकडे गेलो की ते आधी विचारतात, मिठू काय म्हणते.

जी मुलगी महिन्यापूर्वी गेली तिच्या जाण्यासाठी सही कशी मागू, सांग. त्यांच्या हिशेबी ती तिकडे वर्गात बसलेली आहे. तिच्या खोलीला खिडकी आहे, शेजारीण सालस आहे, थंडी पडायला लागलीय. हे सगळं मीच पुरवलंय. एकदा तिकडे आत्ता किती वाजले म्हणून विचारलं, तर मी पहाट म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला रात्र म्हणालो. औषधवाल्यांनी स्वतःच माझी सुटका केली. म्हणाले, तिकडे ऋतूप्रमाणे घड्याळ फिरवतात ना! मी म्हटलं, हो, फिरवतात. मग ती माहिती ते गोळ्या बांधून देताना गिऱ्हाइकांना सांगायला लागले.

याहून वाईट एक आहे, आणि तू कागदावर विषय बदलू नकोस म्हणालीस म्हणून लिहितो. आमच्या कोपऱ्यावरच्या शिकवणीवाल्यांनी पालकांची सभा ठेवली होती, मुलांना परदेशी कसं पाठवावं यावर. वक्ता म्हणून मला बोलावलं. मी नाही म्हणायला गेलो आणि हो म्हणून आलो. सभेचा फ्लेक्सही मीच छापला, सवलतीच्या दरात. सभेत सांगितलं की पालकांनी आर्थिक नियोजन लवकर करावं, बँकेच्या पत्रातला शब्द न् शब्द वाचावा, आणि मुख्य म्हणजे घाईने कोणाला काही सांगू नये. अक्का, भाषण चांगलं झालं. एकेक शब्द अनुभवाचा होता. एका बाईंनी वहीत उतरवून घेतलं. औषधवाले पहिल्या रांगेत होते आणि त्यांना माझा अभिमान वाटत होता. घरी आलो तर सौ.ने ताट वाढून ठेवलं होतं आणि ती दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

जामिनासाठी दुसरा कोणी बघतो. गावाबाहेरचा, ओळख नसलेला. ओळख नसताना कोण जामीन राहील, असं तू म्हणशील. म्हणू नकोस.

कळावे. आशीर्वाद सवयीने का होईना, लिहीत जा.

गुंड्या


३ नोव्हेंबर

गुंड्या,

आज आशीर्वाद नाहीत, सवयीनेसुद्धा.

काल दुपारी दुकानात एक बाई आल्या. काडी तुटलेला चष्मा रुमालात गुंडाळून आणलेला. इथे त्यांची बहीण राहते, तिच्याकडे आल्या होत्या. आमच्या समोरच्यांची बहीण इथे चष्मे विकते, मग दुसरीकडे कशाला जायचं, असं म्हणून पत्ता विचारत विचारत आल्या. तुझ्या औषधवाल्यांची बायको.

मिठू काउंटरमागे होती. बाई पायरी चढेपर्यंत ती डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं. मी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागलं नाही, एवढी ती तुझ्या शिक्षणात तयार झालीय.

बाई बसल्या. फ्रेमा बघितल्या. पण त्यांना फ्रेमेत रस नव्हता, कोणाशी तरी मिठूविषयी बोलायचं होतं. पोरगी गेल्यापासून गल्ली ओकी ओकी वाटते म्हणाल्या. तिकडे तिला कोणी वेणी घालून देत असेल का म्हणाल्या. मग पिशवीतून लोकरीची टोपी काढली, स्वतः विणलेली. तुझ्याकडे द्यायला संकोच वाटला, पार्सलचा खर्च तुझ्यावर पडेल म्हणून. मी आत्या, मी कधी काही पाठवेन त्यात टाकायला माझ्याकडे दिली. मी त्यांच्या जुन्या चष्म्याचा नंबर कागदावर लिहीत होते, तो दोनदा चुकून खोडला. त्यांना वाटलं माझं वय झालं. त्या मला म्हणाल्या, ताई, तुम्हीच आधी डोळे तपासून घ्या.

नंबर तपासायला त्यांना आतल्या खोलीत न्यायला हवं होतं. मी सांगितलं की आतला दिवा गेलाय. बत्तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही असल्या गिऱ्हाइकाशी. हे तू माझ्यापर्यंत आणलंस.

त्या गेल्यावर दार उघडलं. मिठू उजळलेल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर, पेशंटच्या खुर्चीत बसली होती. सगळं ऐकलेलं होतं. टोपी हातात दिली तर तिने घालून बघितली. लहान होते. त्यांच्या मनात ती अजून शाळेतली असणार.

तिने तुला लिहिलंय, सोबत घातलं आहे. मी वाचलेलं नाही. तू वाच, आणि दोनदा वाच.

अक्का


ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल काकू माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर होत्या आणि मी श्वास रोखून बसले होते. मी काही चोरलेलं नाही, बाबा. प्रवेश मी मिळवलेला आहे. तरी मी चोरासारखी बसले होते, आणि ते मला चांगलं जमलं, याची लाज वाटते.

सगळं तुमच्यावर ढकलत नाही. टॅक्सीतून हात मी हलवला. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मलाही तो फलक आवडला होता. कोणीतरी आपल्याकडे असं मान वर करून बघतंय, हे मलाही हवं होतं.

पण आता माझी जागा जाईल ती पैशांमुळे नाही, मी आधीच गेलेली असल्यामुळे. हे मला कुणाला समजावूनही सांगता येत नाही.

पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी मी दिवसाढवळ्या घरी येणार आहे. गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत येईन. तोवर तुम्ही सांगितलेलं असेल तर मी आधी काका-काकूंकडे जाईन. नसेल तर तिथेच जाईन, पण मग मलाच सांगावं लागेल, आणि तुमच्याविषयी काय सांगायचं ते मला सुचत नाहीये. तेवढी वेळ आणू नका.

आईला सांगा, वेणी मीच घालते.

तुमची
मिठू


१३ नोव्हेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

शूरपणे नाही. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत उभा राहिलो. माझी पाळी आली की मागच्याला पुढे करायचो. तिसऱ्या माणसाला पुढे केल्यावर औषधवाल्यांनी विचारलं की तुम्हाला काय हवंय. मी पोटाची गोळी मागितली. ती घेऊन बाहेर आलो, परत गेलो, मलम मागितलं. मग लहान मुलांची पावडर. पावडर हातात आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मग बोललो.

ते कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होते, कापतच राहिले. मधे एकदाही थांबवलं नाही, त्यामुळे मला शेवटपर्यंत जावं लागलं. संपल्यावर एवढंच विचारलं, मी बॅग उचलली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का. मी हो म्हटलं. मग विचारलं, ही तुमच्या बहिणीकडे गेली तेव्हा मिठू तिथेच होती का. मी तेही हो म्हटलं. तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली, आतून बायकोला बोलावलं आणि मला म्हणाले, हिलाही सांगा.

पहिल्यांदा सांगताना माझ्यापाशी निदान प्रस्तावना होती. दुसऱ्यांदा तीही नव्हती. काकूंनी ऐकून घेतलं, पोरगी नीट जेवते का एवढं विचारलं, आणि आत गेल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी पावडरीचे पैसे ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं. म्हणाले, पोरीला मी जामीन राहतो, तिचा यात काय गुन्हा. पण कर्जावर पालक म्हणून तुमची सही असेल तर माझी असणार नाही. तुमच्या बहिणीला सहकर्जदार करा. त्या बाई मला ठाऊक नाहीत, पण तुम्ही मला ठाऊक आहात. आणि तुमची दुकानातली उधारीही आजपासून बंद, हे त्यांनी शेवटी, जणू काही आठवलं म्हणून, सांगितलं.

साहेब म्हणतात चालेल, तुझं दुकान नीट चालतं, कागद स्वच्छ आहेत. तेव्हा अक्का, जिथे मुलीच्या बापाने सही करायची तिथे तू कर, हे मागायला हे पत्र. मागायचा मला हक्क नाही. हप्ते मीच भरीन असं लिहिणार होतो, पण माझ्या शब्दाचा हल्लीचा भाव बघता ते लिहून तुला हसवत नाही.

गुंड्या


३० नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बँकेत तू बाहेरच्या बाकावर बसून राहिलास, आणि नंतर मला बस गाठायची होती. तू विचारलंही नाहीस. म्हणून आत काय झालं ते लिहिते.

साहेबांना नियमाने एक कागद लागत होता: वडील हयात असताना, कमावते असताना, सहकर्जदार का नाहीत. तुझा कागद त्यांच्यापुढे होता. असल्या ठिकाणी लोक आर्थिक अडचण असं लिहितात, साहेबांनी तुला तेच सुचवलं होतं म्हणे. त्यांनी तुझा कागद वाचायला घेतला आणि पहिल्या ओळीनंतर आवाज खाली आणला. अर्जदार विद्यार्थिनीच्या वडिलांनी कर्ज मिळण्याआधी तिच्या प्रयाणाचा फलक लावला, फलक खरा करण्यासाठी तिला नातेवाइकांकडे लपवून ठेवले, त्यामुळे त्यांच्या शब्दावर जामीन राहण्यास कोणी तयार नाही व ते योग्य आहे. साहेब म्हणाले, असं फाइलला लावता येत नाही हो. औषधवाले म्हणाले, लावा. आणि त्यांनी सही केली. मग मी केली. मिठू टेबलाच्या कडेकडे बघत होती.

मंजुरीपत्र काल आलं. पाठवून दिलं. जागा राहिली.

औषधवाले तुझ्याविषयी चांगलं काही बोलले नाहीत, वाईटही नाही. मी खोदून विचारलं नाही. तुझ्या बायकोला इकडे पाठव; पोरीच्या जाण्याआधी दोघींना थोडे दिवस मिळू देत. तूही ये, पण निघताना कोणाला सांगू नकोस. एक तरी प्रवास तसा करून बघ.

वरचे आशीर्वाद आज सवयीचे नाहीत.

अक्का


१६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मिठू रुळली. आठवड्यातून दोनदा आईला फोन करते, मला एकदा. परवा तिने फोटो पाठवला. कार्यशाळेत उभी आहे, हातात गुडघ्यापासून खालचा अर्धवट पाय, मागे मोठी खिडकी आणि खिडकीपलीकडे सगळं पांढरंफेक. ती हसतेय. हा पाय एका शाळकरी मुलाचा आहे, दर वर्षी नवा लागणार, असं खाली लिहिलंय.

त्या रविवारी मिठू दिवसाढवळ्या चालत काका-काकूंकडे गेली, तेव्हाच ती तुझ्याकडे होती हे गल्लीला कळलं होतं. जानेवारीत ती खरंच गेली ते मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण सौ. तुझ्याकडून एकटीच परत आली आणि लोकांनी विचारलं. मी सांगितलं की मिठू गेली. समोरचा इस्त्रीवाला हसला आणि म्हणाला, हो का, आत्याकडे थंडी आहे ना यंदा? तेव्हापासून हेच. भाजीवाली विचारते, तुमच्या लेकीचा परदेश बसने किती तासांवर. शिकवणीवाल्यांनी दुसऱ्या वक्त्याची सभा घेतली, छपाई दुसरीकडे केली. औषधवाले एका शब्दात सगळ्यांची तोंडं बंद करू शकतात, त्यांची सही आहे. ते ऐकतात आणि गोळ्या कापतात. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, हे म्हणायचीही मला सोय नाही.

काल न्हाव्याकडे गेलो होतो. खुर्चीत बसल्यावर राहवलं नाही. मी आधी म्हटलं, खरंच गेलीय बाबा, हे बघ, आणि फोटो पुढे केला. त्याने हात पुसले, फोन घेतला, उजेडाकडे धरला, बोटांनी मोठा करून खिडकी बघितली, बर्फ बघितला, तो पाय बघितला. मागे बसलेल्या दोघांनाही दाखवला. मग परत देताना म्हणाला, वा शेठ, मागचा पडदा काय झकास छापलाय!

मी फोन खिशात ठेवला आणि त्याला म्हटलं, बारीक कर.

कळावे. लोभ असू द्यावा असं लिहायला हात धजत नाही. तिच्यावर आहे तो पुरे.

तुझा
गुंड्या